सिलिकॉनचे ऋणाग्र : सामर्थ्य आणि टिकाऊपणा



ज्या शाळेच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा परीक्षानळी हाती धरली, त्याच शाळेने मला आज या व्याख्यानासाठी बोलवावे, हा मी माझा मोठा सन्मान समजतो. ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षे रसायनशास्त्र शिकलो. सरांचा एक नियम होता. फसलेला प्रयोगसुद्धा वहीत लिहायचा, आणि तोही पेन्सिलीने नव्हे, शाईने. या नियमाची किंमत मला पुढे फार उशिरा कळली. ती कशी कळली, हे मी व्याख्यानाच्या उत्तरार्धात सांगणार आहे. कारण आजच्या विषयाचा आणि त्या नियमाचा निकटचा संबंध आहे.

आजचा विषय आहे लिथियम-आयन विद्युत्घटातील सिलिकॉनचे ऋणाग्र आणि त्याचा टिकाऊपणा. नाव जड वाटले तरी वस्तू अपरिचित नाही. आपल्या खिशातील मोबाइल या घटावर चालतो आणि रस्त्यावरून आवाज न करता जाणारी विजेवरची स्कूटर त्याच घटावर धावते. घट अधिक हलका व्हावा, एका भरण्यात अधिक चालावा, अशी सर्वांची इच्छा असते. त्यासाठी जे पदार्थ शास्त्रज्ञांनी हाती घेतले, त्यांत सिलिकॉन अग्रगण्य आहे. तो सामर्थ्यवान आहे, विपुल आहे. मात्र तो टिकत नाही. सामर्थ्य आहे पण टिकाव नाही, अशा पदार्थाला टिकायला कसे शिकवावे, हा आजचा प्रश्न आहे.

घटाची रचना

प्रथम घटाची रचना पाहू. लिथियम-आयन घटात दोन अग्रे असतात. एक धनाग्र, जे बहुधा लिथियम आणि कोबाल्ट, निकेल, लोह यांसारख्या धातूंच्या संयुगाचे असते; आणि दुसरे ऋणाग्र, जे बहुधा ग्रॅफाइटचे असते. घटाच्या ऋण टोकालाच मी या व्याख्यानात ऋणाग्र म्हणणार आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. दोन्ही अग्रांच्या मध्ये एक सच्छिद्र पडदा आणि लिथियमचे क्षार विरघळवलेला सेंद्रिय द्रव असतो. घट भरताना लिथियमचे आयन धनाग्रातून निघून द्रवामधून ऋणाग्रात जाऊन बसतात, आणि तेवढेच इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेने तेथे पोहोचतात. घट वापरताना हाच प्रवास उलट होतो. भरणे आणि रिकामे होणे मिळून एक चक्र होते. घट किती टिकाऊ आहे हे अशा चक्रांच्या संख्येवरून मोजतात. मूळ क्षमतेच्या ८० टक्के क्षमता उरेपर्यंत जितकी चक्रे होतात, तेवढे त्याचे आयुष्य, असा सर्वसाधारण संकेत आहे.

या घटाचा इतिहास थोडक्यात असा. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांत लिथियम सामावता येतो हे दाखवून पहिला असा घट तयार केला. त्याचे ऋणाग्र लिथियम धातूचे होते आणि म्हणून तो धोक्याचा होता. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये कोबाल्ट ऑक्साइडचे धनाग्र पुढे आणले. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये धातूऐवजी कार्बनयुक्त पदार्थाचे ऋणाग्र वापरून घट सुरक्षित केला. १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे तपशील सांगण्याचे कारण असे, की ऋणाग्र बदलल्यामुळेच हा घट व्यवहारात आला. आणि आज पुन्हा ऋणाग्रच बदलण्याचा प्रयत्न चालू आहे.

ग्रॅफाइट आणि सिलिकॉन : एक शालेय गणित

ग्रॅफाइटची रचना पुस्तकाच्या पानांसारखी असते. कार्बनच्या थरांमध्ये लिथियम सरकून बसतो आणि पुन्हा बाहेर येतो. थरांतील अंतर सुमारे ०.३३५ नॅनोमीटरवरून ०.३७० नॅनोमीटर होते, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. पुस्तक थोडे फुगते, पण पाने फाटत नाहीत. मात्र ही सभ्यता महाग पडते, कारण एका लिथियमला जागा देण्यासाठी सहा कार्बन लागतात.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना पुढील गणित स्वतः करता येईल. एक मोल इलेक्ट्रॉनांचा विद्युत्भार सुमारे ९६,५०० कूलंब, म्हणजेच सुमारे २६,८०० मिलिअँपिअर-तास असतो. सहा मोल कार्बनचे वस्तुमान ७२ ग्रॅम. म्हणून दर ग्रॅम ग्रॅफाइटची क्षमता २६,८०० भागिले ७२, म्हणजे ३७२ मिलिअँपिअर-तास. निसर्गाने घालून दिलेली ही मर्यादा आहे. कारखाना कितीही कुशल असला तरी ग्रॅफाइटकडून याहून अधिक मिळणार नाही, आणि आजचे घट या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचले आहेत.

आता सिलिकॉन घ्या. तो लिथियमला पानांमध्ये जागा देत नाही. तो लिथियमशी मिसळून मिश्रधातू बनतो. नेहमीच्या तापमानाला चार सिलिकॉन अणूंमागे पंधरा लिथियम अणू सामावतात, म्हणजे एका सिलिकॉनमागे पावणेचार. सिलिकॉनचा अणुभार सुमारे २८.१ आहे. २६,८०० गुणिले ३.७५ भागिले २८.१ केले की सुमारे ३,५८० मिलिअँपिअर-तास येतात. ग्रॅफाइटच्या जवळजवळ दहापट! शिवाय भूकवचात ऑक्सिजनच्या खालोखाल वजनाने सर्वांत जास्त असणारे मूलद्रव्य सिलिकॉनच आहे. याउलट घटांसाठी लागणारे ग्रॅफाइट मुख्यतः चीनमध्ये तयार होते आणि १ डिसेंबर २०२३ पासून त्या देशाने ग्रॅफाइटच्या काही प्रकारांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. तेव्हा सिलिकॉनचे आकर्षण केवळ प्रयोगशाळेतले नाही.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. ‘दहापट क्षमता’ असे वाचून पुष्कळांचा समज होतो की मोबाइल दहापट चालेल. तसे होत नाही, कारण घटात ऋणाग्र एकटे नसते. धनाग्राची क्षमता दर ग्रॅम सुमारे २०० मिलिअँपिअर-तास धरली, तर १,००० मिलिअँपिअर-तासांच्या घटाला ५ ग्रॅम धनाग्र लागेल. ऋणाग्रासाठी ग्रॅफाइट लागेल सुमारे २.७ ग्रॅम आणि सिलिकॉन केवळ ०.२८ ग्रॅम. एकूण वजन ७.७ ग्रॅमवरून सुमारे ५.३ ग्रॅमवर येते, म्हणजे सुमारे तीस टक्के बचत. त्यात तांबे, ॲल्युमिनियम, द्रव आणि वेष्टन यांचे वजन मिळवले की लाभ आणखी घटतो. तरीही तो लाभ मोठाच आहे. फक्त तो दहापट नव्हे.

काळ्या जमिनीचा दृष्टान्त

आता दोषाकडे वळू. एका सिलिकॉन अणूभोवती पावणेचार लिथियम अणू आले की त्या कणाचे आकारमान जवळजवळ पावणेचारपट होते. ग्रॅफाइट दहा टक्के फुगते आणि सिलिकॉन सुमारे २८० टक्के! लिथियम बाहेर पडला की कण पुन्हा आकसतो. प्रत्येक वेळी घट भरला आणि वापरला की हे व्हायचेच.

आपण माळव्यातील मंडळी हा व्यवहार चांगला ओळखतो. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर नीट पाया न घेता बांधलेल्या घराच्या भिंतींना दोन-चार पावसाळ्यांतच तडे जातात. म्हणून जुने जाणते गवंडी पायाभोवतीची काळी माती काढून तेथे मुरूम भरत. माती फुगणे थांबत नाही, पण तिच्या फुगण्याचा दाब घरावर येऊ द्यायचा नाही, ही त्यातली युक्ती. सिलिकॉनचे संशोधनही जवळजवळ याच वाटेने गेले आहे. सिलिकॉनचे फुगणे कोणालाही थांबवता आलेले नाही. ते थांबवले तर त्याची क्षमताच जाईल. प्रश्न एवढाच आहे, की फुगूनही त्याचे घर कसे टिकावे.

फुगण्या-आकसण्यामुळे तीन आजार जडतात. पहिला, कण स्वतःच तडकतो आणि त्याचा भुगा होतो. दुसरा, ऋणाग्राचा लेप विस्कळीत होतो. सिलिकॉनचे कण, विद्युत्वाहक कार्बन आणि त्यांना एकत्र धरणारा बंधक पदार्थ यांचा पातळ लेप तांब्याच्या पत्र्यावर दिलेला असतो. कण हलले की एकमेकांपासून आणि तांब्यापासून सुटतात. ज्या कणापर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचत नाही तो कण घटात असून नसल्यासारखाच. तिसरा आजार सर्वांत चिवट आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

न दिसणारा आजार

घट पहिल्यांदा भरताना ऋणाग्राच्या पृष्ठभागावर द्रवाचे विघटन होते आणि त्यातून काही नॅनोमीटर जाडीचे एक घन पटल तयार होते. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये या पटलाचे विवेचन करून त्याला नाव दिले. हे पटल लिथियम आयनाला वाट देते, पण इलेक्ट्रॉनाला अडवते. त्यामुळे पुढील विघटन थांबते. ग्रॅफाइटवर ते एकदा बनले की बरेचसे स्थिर राहते. ते बनताना थोडा लिथियम कायमचा खर्ची पडतो, पण ही जणू घरबांधणीची एकदाच द्यावयाची रक्कम असते.

सिलिकॉनवर मात्र असे होत नाही. कण फुगला की पटल फाटते आणि उघड्या पडलेल्या जागेवर नवे पटल बनते. कण आकसला की ते सुरकुतते, सुटते. पुन्हा फुगला की पुन्हा फाटते. प्रत्येक चक्रात थोडा द्रव आणि थोडा लिथियम खर्ची पडतो. पटल जाड होत जाते, आयनांची वाट बिकट होते, आणि घटातील लिथियम मोजका असल्यामुळे हळूहळू भांडवलच संपते.

या ऱ्हासाचे गणित सातवी-आठवीच्या चक्रवाढ व्याजाचेच आहे, फक्त उलटे. समजा, प्रत्येक चक्रात आत गेलेल्या लिथियमपैकी ९९.९ टक्के परत मिळतो. ऐकायला हे उत्तम वाटते. परीक्षेत एवढे गुण कोणाला मिळतात! पण ०.९९९ चा पाचशेवा घात केला तर सुमारे ०.६१ येतो. म्हणजे पाचशे चक्रांनंतर ६१ टक्केच भांडवल उरते आणि ८० टक्क्यांची रेषा तर २२३ व्या चक्रालाच ओलांडली जाते. हेच प्रमाण ९९.९९ टक्के असले तर पाचशे चक्रांनंतर ९५ टक्के उरते आणि ८० टक्क्यांपर्यंत येण्यास सुमारे २,२३० चक्रे लागतात. हा हिशेब ढोबळ असला तरी त्याचा बोध पक्का आहे. या विषयातील सारी लढाई दशांशचिन्हापुढच्या दुसऱ्या अंकासाठी आहे.

उपायांची परंपरा

पहिला उपाय कण लहान करण्याचा. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ग्रिफिथ यांनी तडा कधी वाढतो याचा नियम सांगितला. तडा पडण्यासाठी नवा पृष्ठभाग निर्माण व्हावा लागतो आणि त्याला ऊर्जा लागते. ती ऊर्जा पदार्थात साठलेल्या ताणातून येते. साठलेली ऊर्जा आकारमानाच्या, म्हणजे त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असते. लागणारी ऊर्जा पृष्ठभागाच्या, म्हणजे त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात. कण पुरेसा लहान केला की साठलेली ऊर्जा तडा पाडण्यास अपुरी पडते. २०१२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले असता, स्फटिकी सिलिकॉनचे सुमारे १५० नॅनोमीटरहून लहान कण फुगूनही तडकत नाहीत, असे आढळले. त्याआधी २००८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील यी कुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तारा थेट धातूच्या पत्र्यावर उगवून दाखवल्या. शेतातील ताटांप्रमाणे उभ्या असलेल्या या तारांना जाड होण्यास आजूबाजूला मोकळी जागा होती आणि प्रत्येकीचे मूळ धातूत रुतलेले होते. या एका निबंधाने सिलिकॉनविषयीची आशा पुन्हा जागी केली.

परंतु लहान कणाने पहिला आजार बरा झाला तरी तिसरा बळावतो. दहा मायक्रोमीटरच्या एका कणाचे शंभर नॅनोमीटरचे कण केले तर एकूण पृष्ठभाग शंभरपट होतो आणि तेवढ्या साऱ्या पृष्ठभागावर पटल बनते. औषधाने एक रोग जावा आणि दुसरा यावा, तसे हे झाले.

म्हणून दुसरा उपाय निघाला : कणाला मोकळी जागा ठेवून बाहेरून कवच द्यायचे. २०१२ मध्ये त्याच गटाने सिलिकॉनचा कण कार्बनच्या पोकळ कवचात, अंड्यातील बलकासारखा, सैल ठेवला. कण आतल्या आत फुगतो; कवच हलत नाही; पटल कवचावर बनते आणि फाटत नाही. २०१४ मध्ये असे अनेक कण एका मोठ्या कवचात डाळिंबाच्या दाण्यांसारखे भरण्यात आले, त्यामुळे द्रवाला लागणारा बाहेरचा पृष्ठभाग आणखी कमी झाला आणि हजार चक्रांनंतर ९७ टक्के क्षमता टिकल्याचे त्यांनी नोंदवले. ही कल्पना सुंदर असली तरी अशी डाळिंबे टनांनी पिकवणे सोपे नाही. आज कारखान्यांत तिचे साधे रूप वापरतात. सच्छिद्र कार्बनच्या भुकटीवर सिलेन वायू सोडतात; तो तापून विघटित होतो आणि छिद्रांच्या आत सिलिकॉनचा अगदी सूक्ष्म साठा बसतो. छिद्र पूर्ण भरायचे नाही, फुगण्यापुरती जागा उरू द्यायची, यातच कौशल्य आहे.

तिसरा उपाय शुद्ध सिलिकॉनऐवजी सिलिकॉन ऑक्साइड वापरण्याचा. त्यातील ऑक्सिजन पहिल्या भरण्यात लिथियमशी संयोग पावून सिलिकेटे बनवतो आणि उरलेले सिलिकॉनचे सूक्ष्म कण त्या सिलिकेटांत रुतून बसतात. फुगणे कमी होते, पण पहिल्याच चक्रात बराच लिथियम अडकून पडतो. ही तूट भरून काढण्यासाठी काही ठिकाणी ऋणाग्रात आधीच थोडा लिथियम मिसळून ठेवतात.

चौथा उपाय बंधकाचा. लेप एकत्र धरणाऱ्या पदार्थाचे वजन अगदी थोडे, आणि म्हणूनच त्याकडे दीर्घकाळ कोणाचे लक्ष गेले नाही. ग्रॅफाइटसाठी वापरला जाणारा पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड हा बंधक सिलिकॉनला नुसता चिकटतो. त्याच्याशी नाते जोडत नाही. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडाचा पातळ थर आणि हायड्रॉक्सिल गट असतात. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा पॉलिॲक्रिलिक आम्ल यांच्या रेणूंवर ठिकठिकाणी आम्लगट असतात आणि ते त्या हायड्रॉक्सिल गटांशी हायड्रोजन बंध जोडतात. असा बंध तुटला तरी पुन्हा जुळू शकतो. २०११ मध्ये अमेरिकेतील ग्लेब यूशिन आणि सहकाऱ्यांनी तपकिरी समुद्रशैवालातून मिळणारे अल्जिनेट या कामी उत्तम ठरते, असे दाखवले. दातांचे डॉक्टर जबड्याचा ठसा घेताना जो गोळा तोंडात ठेवतात, त्यात हेच अल्जिनेट असते. २०१७ मध्ये दक्षिण कोरियातील संशोधकांनी याच्याही पुढची पायरी गाठली. त्यांनी बंधकात असे रेणू गुंफले की ज्यांत वलये एका लांब दोरीवर सरकतात. ताण आला की वलये कप्पीसारखी सरकतात आणि ताण सर्वत्र वाटला जातो. विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना यातील मर्म सांगावे लागणार नाही.

पाचवा उपाय द्रवाचा. द्रवात थोडे फ्लुओरोएथिलीन कार्बोनेट मिसळले तर पटल अधिक चिवट बनते. मात्र तेही प्रत्येक चक्रात थोडे थोडे खर्ची पडते आणि ते संपले की घटाचा ऱ्हास एकाएकी वेग घेतो. २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील शर्ली मेंग यांच्या गटाने द्रवच काढून टाकून त्याऐवजी गंधकयुक्त घन पदार्थ वापरला. घन पदार्थ सिलिकॉनच्या फटींत शिरत नाही. म्हणून पटल फक्त एका सपाट सीमेवर बनते. विशेष म्हणजे त्यांनी साधे, मायक्रोमीटर आकाराचे, ९९.९ टक्के सिलिकॉनचे ऋणाग्र वापरले आणि पाचशे चक्रांनंतर ८० टक्के क्षमता टिकलेली दाखवली. त्यासाठी घटावर बाहेरून मोठा दाब ठेवावा लागला, ही त्यातील अडचण.

माझी फसलेली वही

आता मी सरांच्या नियमाकडे येतो. काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सिलिकॉनसाठी एक नवा बंधक तयार केला. त्याची चाचणी करताना ऋणाग्रासमोर धनाग्राऐवजी लिथियम धातूची चकती ठेवली. या अर्धघटाची पद्धत सोयीची आणि सर्वमान्य आहे. शंभर चक्रे झाली तरी आलेख जवळजवळ सपाट राहिला. मी आनंदाने एका परिषदेत तो आलेख दाखवला, टाळ्याही मिळाल्या. परत आल्यावर माझ्या एका विद्यार्थिनीने त्याच ऋणाग्रासमोर खरे धनाग्र ठेवून पूर्ण घट बांधला. तो पन्नास चक्रेही धड टिकला नाही.

चूक कोठे होती? अर्धघटातील चकतीत लिथियमचा साठा गरजेच्या कितीतरी पट असतो. प्रत्येक चक्रात पटलापायी जो लिथियम वाया जातो, तो चकती निमूटपणे भरून देते. क्षमतेचा आलेख सपाट दिसतो, पण तो श्रीमंत बापाच्या उधळ्या मुलाच्या खर्चवहीसारखा असतो. आमची परतीची टक्केवारी ९९.५ च्या आसपास होती. ती माझ्या वहीतच लिहिलेली होती. मी ती पाहिली होती, पण तिच्यावर उलट चक्रवाढीचे गणित मांडले नव्हते. मांडले असते तर ८० टक्क्यांची रेषा पंचेचाळिसाव्या चक्राच्या आतच ओलांडली जाणार हे आठवीच्या मुलालाही दिसले असते.

त्या मुलीने निकाल माझ्या टेबलावर ठेवला तेव्हा ती घाबरलेली होती, हे मला आजही आठवते. तिला वाटले, सरांचा आलेख खोटा पाडला म्हणून मी रागावेन. त्या क्षणी मला शाळेची वही आणि शाई आठवली. पुढच्या परिषदेत दोन्ही आलेख शेजारी शेजारी दाखवले गेले, आणि ते मी नव्हे, तिनेच दाखवले. टाळ्या कमी पडल्या. पण नंतर चहाच्या वेळी तीन निरनिराळ्या ठिकाणच्या तरुणांनी येऊन सांगितले, की आमच्याही घटांचे असेच होते, आम्ही सांगत नव्हतो.

हा केवळ शास्त्रज्ञांच्या लौकिकाचा प्रश्न नाही. आपल्या शहरातील ई-रिक्षा चालवणाऱ्या माणसाचा विचार करा. आज त्याच्या गाडीत बहुधा शिसे-आम्लाचा किंवा लोह-फॉस्फेटाचा लिथियम घट असतो, सिलिकॉनचा नव्हे. पण जो कोणता घट उद्या त्याच्यापर्यंत पोहोचेल, तो कर्जाने घेतलेला असेल. हप्ते संपण्याआधी घट संपला तर त्याला दुसरे कर्ज काढावे लागेल. मोबाइल तीन-चार वर्षांत बदलणाऱ्याला पाचशे चक्रे पुरतात. रोज घट रिकामा करणाऱ्या रिक्षावाल्याची पाचशे चक्रे दीड वर्षात होतात. टिकाऊपणाचा खोटा आकडा शेवटी त्याच्या खिशातून वसूल होतो.

आज आपण कोठे आहोत

आजची स्थिती अशी आहे, की सिलिकॉन बाजारात आला आहे, पण बेताने. मोटारगाड्यांच्या घटांत ग्रॅफाइटमध्ये थोडे सिलिकॉन मिसळण्यास सुरुवात झाल्याचे टेस्ला कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केले. २०२१ मध्ये मनगटावर बांधण्याच्या एका आरोग्यमापकात सिलिकॉनप्रधान ऋणाग्राचा घट आला. २०२३ मध्ये ऑनर या चिनी कंपनीने सिलिकॉन-कार्बनचा घट असलेला मोबाइल विक्रीस काढला आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी ती वाट धरली. क्रम पाहिला तर ध्यानात येईल, की ज्या वस्तू थोडी वर्षे वापरून बदलल्या जातात, तेथे सिलिकॉनचे प्रमाण आधी वाढले. दीर्घायुष्य जेथे अत्यावश्यक, तेथे ते अजून मिठासारखे चवीपुरते आहे.

आणखी एक अडचण अलीकडे अधिक लक्ष वेधून घेत आहे. घट वापरला नाही, नुसता भरून ठेवला, तरी सिलिकॉनवरचे पटल द्रवाशी हळूहळू झिजत आणि वाढत राहते. चक्रे मोजून हा ऱ्हास दिसत नाही. त्यासाठी महिने आणि वर्षे वाट पाहावी लागते. घाईच्या जगात वाट पाहण्याची चाचणी सर्वांत अवघड.

विद्यार्थी मित्रहो, या विषयात अजून करण्यासारखे फार आहे. त्यासाठी परदेशी जावेच लागते असे नाही, आणि मोठी यंत्रे हाती येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. सुरुवात तुमच्या आजच्या प्रयोगवहीपासून होते. एखाद्या पदार्थाचे सामर्थ्य पहिल्या दिवशी कळते, टिकाऊपणा मात्र मोजत राहिल्यानेच कळतो. आणि मोजलेले सगळे, मनासारखे असो वा नसो, लिहून ठेवल्यानेच दुसऱ्याच्या उपयोगी पडते. सरांनी आम्हाला एवढेच शिकवले होते. ते मी अर्धवट शिकलो होतो आणि उरलेले एका विद्यार्थिनीने मला शिकवले, हे या व्यासपीठावरून सांगताना मला संकोच वाटत नाही. सरांनाही ते ऐकून आनंदच झाला असता.